देवस्थळीसाहेबांची दोनशे चौदा पत्रं

देवस्थळीसाहेब लिहिलेलं पत्र त्याच दिवशी कधीच पाठवत नसत. ठाण्याच्या कोर्टात भाषांतर विभागात ते माझे वरिष्ठ होते, आणि तिथेही त्यांचा हाच नेम होता. दुपारी संपलेलं भाषांतर ते फायलीत उलटं घालून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी पहिला चहा झाल्यावर पुन्हा वाचून मगच सही करत. वकिलांचे कारकून निरोप आणून आणून थकत. "काल लिहिणारा माणूस वेगळा असतो आणि आज सही करणारा वेगळा," साहेब म्हणत. "दोघांचं एकमत झालं तरच कागद बाहेर जाईल." मी नवीन होते तेव्हा मला हे आळसाला दिलेलं गोंडस नाव वाटायचं. मग एका मृत्युपत्राच्या भाषांतरात माझ्याकडून एका बहिणीचं नावच गळलं, ते त्यांनी सकाळी पकडलं. मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बिचारी रात्रभर बेवारस होती."

निवृत्तीनंतर ते डोंबिवलीत, मानपाडा रस्त्यावरच्या आपल्या घरी पूर्णवेळ राहू लागले. मी महिन्यातून एका रविवारी जात असे. त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, कॉफी करायच्या, साहेब वर्तमानपत्रातल्या सरकारी जाहिरातींची भाषा लाल पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवायचे आणि मला दाखवायचे. "हे कोणाला पाठवता का?" मी एकदा विचारलं. "कोणाला पाठवणार?" आतून काकू म्हणाल्या. "रद्दीवाल्याला. तो एकटाच वाचतो."

त्यांची मुलगी मेधा लग्न होऊन कॅनडाला गेली, त्याआधी तिने वडिलांच्या कॉम्प्युटरवर ईमेलचा एक प्रोग्रॅम बसवून दिला होता आणि तो कसा वापरायचा ते वहीत लिहून दिलं होतं. तिची बारा वर्षांची पत्रं त्या एका प्रोग्रॅमात होती. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे पत्र घरच्या कॉम्प्युटरवर उतरलं की कंपनीकडची प्रत पुसली जाई, त्यामुळे ती दुसरीकडे कुठेही नव्हती. अकरा वर्षांपूर्वी मेधा आजारात गेली. शेवटचा महिना दोघं तिच्याजवळ राहून आले. परत आल्यावर त्या घरात तिचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही. भिंतीवर फोटो होता, पण त्याच्याकडे पाहूनही कोणी बोलत नसे.

प्रोग्रॅम मात्र साहेबांनी बदलला नाही. त्याचं कारण मेधा, हे मला कळत होतं; पण ते दुसरंच कारण सांगत. त्यात लिहिलेलं पत्र आधी 'जाणारी पत्रं' नावाच्या खणात पडून राही. आपोआप काहीही जात नसे. सकाळी अंघोळीनंतर ते त्यातलं एक निवडत, वाचत आणि तेवढंच पाठवत. "मोबाइलवर बोट लागलं की गेलं," ते म्हणत. "ही काय पत्र पाठवायची रीत झाली?"

गेल्या वर्षी कॉम्प्युटर रोज विचारू लागला की ऑपरेटिंग सिस्टम अपग्रेड करायची का. साहेब हातात आलेला कागद शेवटपर्यंत वाचणारे. त्यांनी अटींचं ते लांबलचक पान दोन दिवस बसून वाचलं, त्यात पत्रं जातील असं कुठे म्हटलेलं नाही याची खात्री केली, एक रात्र जाऊ दिली आणि सकाळी होकार दिला. दुपारी ईमेलच्या चित्रावर दाबलं, तर उत्तर आलं की हा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही.

नाक्यावरचा दुरुस्तीवाला येऊन गेला. "काका, एवढ्या जुन्याला आता कोण विचारत नाय. फॉरमॅट मारून देतो, एकदम नवीन होऊन जाईल."

"फॉरमॅटमध्ये काय काय जातं, ते आधी लिहून द्या," साहेब म्हणाले.

"सगळंच जातं ना काका."

त्यांनी त्याला चहा दिला आणि दारापर्यंत पोचवलं. मग मला फोन केला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. "शुभदा, तुला यातलं थोडं कळतं ना? मेधाची पत्रं आहेत गं त्यात." तिचं नाव मी त्यांच्या तोंडून कितीतरी वर्षांनी ऐकलं.

मला थोडंच कळत होतं, पण मी गेले. पहिल्या रविवारी, पत्रं ज्या फोल्डरमध्ये साठवलेली होती ते लपलेलं फोल्डर शोधण्यातच दुपार गेली. सापडलं तेव्हा त्याच्या दोन प्रती काढल्या आणि दोन पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात दिले. त्यांनी एक कपाटात ठेवला, दुसरा देवघरात. दुसऱ्या रविवारी मेधाच्या हातची, त्या प्रोग्रॅमची सीडी निघाली, पण सीडीचा खण उघडेना. काकूंनी शिवणाच्या डब्यातली सुई आणून दिली, ती त्या बारीक भोकात खुपसल्यावर उघडला. "बारा वर्षं नोकरी केलीस त्यांच्या हाताखाली," काकू मला म्हणाल्या, "आता त्यांना तुझ्या हाताखाली बघायला बरं वाटतंय." साहेब खरंच शेजारी स्टुलावर बसून, मी म्हणेन ती अक्षरं आणि आकडे वहीत उतरवून घेत होते. प्रोग्रॅम बसला, पण उघडून लगेच मिटायचा.

तिसऱ्या रविवारी त्याला जुन्या सिस्टमसारखं वागायला लावायची युक्ती सापडली. जुनं फोल्डर त्याला दाखवलं. ईमेल कंपनीकडून जुन्या प्रोग्रॅमसाठीचा वेगळा पासवर्ड घेतला. साडेअकराच्या सुमाराला पडद्यावर मेधाच्या नावाची रांग उतरत गेली. साहेबांनी पहिलं पत्र उघडायला सांगितलं. त्यात तिने तिथल्या दुकानात मेथी मिळाल्याचं लिहिलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, "छान. आता बंद कर. उद्या वाचतो."

तिथे मी थांबायला हवं होतं. पण मला काम पुरं झालेलं हवं होतं. "एकदा नेटला जोडून बघू या," मी म्हटलं.

"त्याची घाई आहे का?"

"नाही, पण चालतंय की नाही ते तरी कळेल."

मी वायर जोडून प्रोग्रॅम पुन्हा उघडला. नव्याने बसवलेला प्रोग्रॅम उघडल्याबरोबर खणातलं सगळं आपोआप पाठवतो. त्यांची सवय मला पंचवीस वर्षं माहीत होती, आणि ती मूळची सोय बंद करायची राहिली. पडद्यावर छोटी चौकट आली. दोनशे चौदांपैकी एक. दोनशे चौदांपैकी नऊ. मला आनंद झाला. "बघा साहेब, जातायत."

"थांबव," ते म्हणाले.

मी रद्दचं बटण दाबलं. चौकट तशीच राहिली, आकडा पुढे सरकत राहिला. तेव्हा मी खणातल्या नावांकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं. मी वायर ओढायला वाकले, तर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे. गेलीत आता."

अकरा वर्षं ते मेधाला लिहीत होते आणि एकही पत्र पाठवत नव्हते. मग उत्तरं येऊ लागली. हा पत्ता अस्तित्वात नाही, पत्र पोचवता आलं नाही, ही चूक कायमची आहे. प्रत्येक पत्रामागे एक उत्तर, आणि प्रत्येक उत्तरामागे तो छोटा घंटीसारखा आवाज. स्वयंपाकघरातून काकूंनी विचारलं, "एवढी कोणाची पत्रं आली?"

"सरकारी आहेत," साहेब म्हणाले.

मी क्षमा मागितली असेन. नीट आठवत नाही. ते इंग्रजी मजकुराकडे बघत होते. म्हणाले, "हे 'कायमची चूक' बरोबर वाटत नाही. चूक कोणाची, ते त्यांनी लिहिलंच नाहीये." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रडू नकोस. पत्र पाठवण्यासाठीच लिहितात. इतकी वर्षं मी नियम मोडत होतो." जिन्यापर्यंत मला सोडायला आले. परतीच्या बसमध्ये मी ठाण्यात टेंभी नाक्याला उतरायचं विसरून पुढे गेले.

त्यानंतर त्यांनी पुन्हा मेधाला लिहिलं असावं असं मला वाटत नाही. मी जायची तेव्हा कॉम्प्युटरवर काकूंनी विणलेला रुमाल पसरलेला असे. जाहिराती दुरुस्त करणंही त्यांनी सोडलं. "बरं लिहायला लागलेत आता," ते म्हणत, आणि ते खरं नव्हतं. माझ्याशी ते पूर्वीसारखेच वागले, किंबहुना जास्तच मायेने, आणि ते मला सोसत नसे. जानेवारीत, दुपारी वर्तमानपत्र छातीवर ठेवून झोपले, ते उठलेच नाहीत.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावलं. रुमाल घडी करून बाजूला ठेवलेला होता. "उघड," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सरकारी पत्रं नव्हती, हे मला कळत नव्हतं का? महिन्यातून एकदोन गुरुवारी दार लोटून बसायचे. मी कधी आत गेले नाही."

मी प्रोग्रॅम उघडला. पाठवलेल्या पत्रांचा खण रिकामा होता. तो त्यांनी स्वतः पुसला होता. मला काकूंकडे बघवेना. पण डाव्या बाजूला एक नवं फोल्डर होतं, 'सरकारी' नावाचं, आणि त्यात ती दोनशे चौदा नकारपत्रं ओळीने लावलेली होती. एक उघडून मी खाली गेले. परत आलेल्या पत्राच्या तळाशी मूळ पत्र जसंच्या तसं जोडलेलं असतं. मला ते ठाऊक नव्हतं.

"माझ्याबद्दल काही लिहिलंय?" काकूंनी विचारलं.

मी समोर आलेलं वाचलं. "आईचे गुडघे दुखतात, पण जिना उतरते. ती तुझं नाव काढत नाही, म्हणून मीही काढत नाही. तिला वाटतं, मला सोसणार नाही. मला तिच्याबद्दल तेच वाटतं. असे आम्ही दोघं तुला सांभाळतो आहोत."

काकू भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिल्या. मग साहेबांचं स्टूल ओढून माझ्याशेजारी बसल्या.

"मेधाला ना, लहानपणी जिना उतरायची फार भीती वाटायची," त्या म्हणाल्या. "पुढचं वाच."