सुकलेला आणि कुजलेला

माझी बायको मला गिऱ्हाईक समजते. रोज सकाळी ती देवबागच्या आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसते आणि मिळेल त्याचे वाटे लावते. कोकमाची सोलं, शिंपले, कधी माझ्या गोळ्या. जन्मभर बाजारात मासळी विकली, तेव्हा हात चुकत नाही. चांगलं वर, कुसकं-कुजकं खाली. ते खाली दडपणं ती विसरलेली नाही. नवरा तेवढा विसरली.

चतुर्थीला मुलगा मुंबईहून आला आणि नेमकं त्याच्यासमोर मला सख्ख्या भाच्याचं नाव आठवेना. भाचा दारात उभा, आणि मी आपला “ये रे मेल्या, ये” करत राहिलो. मुलाने बरोबर पकडलं.

“बाबानू, तुमचा डोक्या पण चलला. आवशीक कुडाळाक संस्थेत ठेवया. तुम्ही माझ्याकडे चला.”

“आणि घराक कुलूप? माझ्या डोक्याक काय एक होवक नाय. डॉक्टराक विचार.”

तसंच ठरलं. डोकं शाबूत निघालं तर बायको घरात राहणार, नाहीतर नाही.

डॉक्टरीण पोरसवदा होती. तिने पाच शब्द सांगितले, मग इकडचं तिकडचं विचारलं आणि म्हणाली, आता ते शब्द सांगा. चार सांगितले. पाचवा येईना. चौथीत शाळा सोडली, पण मास्तरांच्या छडीनेही मला असा घाम कधी फुटला नव्हता.

“पावसात लागते,” ती म्हणाली.

“छत्री!” मी ओरडलोच.

बायकोला तेच शब्द. एकही आला नाही. “पावसात लागते, आजी.”

“पावसात ताजा म्हावरा खंयचा गो? सुकी मासळी घे.”

डॉक्टरीण हसली नाही. मला म्हणाली, “आजोबा, वय झालं की सगळ्यांचाच मेंदू थोडा आकसतो. नाव उशिरा येतं, पण आत असतं. खूण दिली की वर येतं. आजींना स्मृतिभ्रंश आहे. नवीन काही आत टिकत नाही, आणि जुनंही एकेक करून चाललंय.” दोघांच्या डोक्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले.

मला ते मासळीवरून कळलं. मीठ लावून वाळूवर घातलेला बांगडा आकसतो, कडक होतो, पण बांगडाच राहतो. टोपलीत राहून गेलेला कुजतो, त्याला मग मीठ चोळून उपयोग नाही. मी सुकलो, ती कुजली. गाडीत मुलाला हे असंच सांगितलं, तिच्यादेखत.  दोन दिवसांनी तो एकटाच मुंबईला गेला.

मग मी खुणा द्यायला बसलो. डॉक्टरणीला एक खूण देऊन जमलं नाही, मी शंभर देईन. लग्नातलं पातळ दाखवलं, तिने ते वाट्यांवर झाकायला घेतलं. शेवटी माळ्यावरून माझं जुनं वल्हं काढून तिच्यासमोर टाकलं.

“ह्या कोणाचा गो?”

तिने हात फिरवला. “माझ्या घोवाचा.”

तिला नवरा आठवला! मी जवळ सरकलो. “खंय आसा तुजो घोव?”

“मेलो. दर्यात गेलो. बरी सुटलंय मी. रेड्यासारखो हट्टी. जल्मात एक शब्द गोड बोललो नाय.” मग माझ्याकडे वर बघून, “तू वाटो घेतंस काय? घेवचो नसात तर सरक, गिऱ्हाइकाक वाट दी.”

मी घेतला. खाली कुसकं सोल होतं.

आता रोज घेतो. भवानी, म्हणजे पहिली विक्री, झाल्याशिवाय ती तोंडात घास घालत नाही. भाव करता करता नवऱ्याची कर्मकथा सांगते, रोज तीच, तशीच.

भाच्याचं नाव परत गेलंय. तिच्या बोलण्यातलं मात्र एक अक्षर जात नाही. रात्रभर विसरायचा प्रयत्न करावा, तर सकाळी ती पुन्हा खूण देते.

मुलगा फोनवर विचारतो, “बाबानू, डोक्या कसा आसा?”

“बरा आसा,” मी सांगतो. “सगळा आत ऱ्हवता.”