थांबल्यावर उघडणारं दार

दुपारचे अडीच वाजलेत. पाचच मिनिटं, असं स्वतःला बजावून विद्याधर कोरगावकर टेबलावर डोकं टेकतो. हाताखाली ‘दूरगामी’च्या इतिहासाची शेवटची मुद्रितं आहेत. पाच वाजता छापखान्याचा माणूस ती न्यायला येणार आहे. कोल्हापुरात दोन जुन्या कॉम्प्युटरवर सुरू झालेला अंतराळातला हा व्हिडिओ गेम. पंचवीस वर्षं, सात भाग. मुखपृष्ठावर जनक म्हणून एकट्या विद्याधरचा फोटो आहे. रस्त्यावरचे हॉर्न लांब जातात. पंख्याची घरघर पाण्यासारखी होत जाते.

“सरक जरा,” कुणीतरी म्हणतं.

शमीम बागवान शेजारी बसते. पहिला भाग दोघांनी मिळून केला. तो बाजारात आल्यावर दोन वर्षांत ती किडनीच्या आजारानं गेली. तेव्हा ती सत्तावीसची होती, आत्ताही तेवढीच आहे. ती मेलेली आहे हे विद्याधरला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी पहिल्यांदा लाज वाटते ती आपल्या पांढऱ्या केसांची. ऑफिस कुठंच नाही. शाहूपुरीतल्या सायकलच्या दुकानावरची त्यांची खोली आहे, खालून रबराचा वास येतोय.

“काय लिहायलायस?”

“इतिहास. आपल्या गेमचा.”

“वाच की.”

तो वाचतो. दुसऱ्या भागात मंगळावरची वसाहत कशी आली, तिसरा कसा आपटला, चौथा मोबाइलवर आल्यावर पोरांनी कसा डोक्यावर घेतला.

“हे सगळं मी गेल्यावरचं. पहिल्याचं वाच. दाराचं.”

पहिल्या भागाच्या शेवटी यानात एक दार लागतं. कितीही बटणं दाबा, गोळ्या झाडा, ते उघडत नाही. खेळणारा हात काढून मिनिटभर स्वस्थ बसला, की आपोआप उघडतं. त्या दारानं ‘दूरगामी’चं नाव झालं. सातही भागांत ते आहे.

तो पान उलटायला जातो तर हातात कागदच नाही. खोलीच्या भिंती लोखंडाच्या झाल्यात. तो यानाच्या बोळात उभा आहे आणि समोर ते दार आहे. गेममध्ये हवा संपताना दिसते तशी लाल रेघ डोळ्यांपुढं आखडत चाललीय. तो दोन्ही मुठींनी दार बडवतो.

“थांब,” शमीम मागून म्हणते.

“हवा संपतेय, शमीम.”

“मलाबी तसंच वाटायचं.”

तो वळतो. बोळातच हॉस्पिटलचा पलंग आहे. ती त्यावर पडलीय, हाताला नळ्या आहेत, शेजारचं मशीन तिचं रक्त फिरवतंय.

“आठवड्यातून दोनदा, चार-चार तास,” ती आपल्या कोल्हापुरी बोलीत, तिथल्या बायकांसारखं ‘मी आलो, मी गेलो’ करत सांगते. “पहिल्या दिवशी लई धडपडलो मी. सुया काढा म्हणून ओरडलो. सिस्टर म्हणाल्या, गप पडून राहा, तेवढंच काम आहे तुझं. संध्याकाळी खालच्या पीसीओवरनं तुला फोन केला आणि हे दार सांगितलं. तू काय म्हणालास?”

“असला गेम कोण खेळणार, म्हणालो.”

“आणि पुस्तकात काय म्हणतोस?”

रेघ आता बोटभर राहिलीय.

“तू जाऊन वर्ष झालं होतं. एका पत्रकारानं विचारलं, दाराची कल्पना तुमचीच ना? मी हो म्हणालो नाही, शमीम. नुसती मान हलवली. ते छापून आलं. मग पुढं प्रत्येक वेळी…”

“बावीस वर्षं मान हलवायलायस.”

तिच्या आवाजात राग नाही. त्यानंच तो जास्त घाबरतो.

“तुला काय पाहिजे?”

“मला आता काय लागतंय?” ती डोळे मिटते. “हवा तुझी संपायलीय.”

तो पुन्हा दारावर धावून जातो, बडवतो, खांद्यानं ढकलतो. छाती फुटायला आली तेव्हा त्याचे हात आपोआप खाली येतात. मागं मशीनचा आवाज. तो आकडे मोजू लागतो. चाळिसाला रेघ पुसली जाते. तो जागचा हलत नाही.

“हे माझं नाही,” उरलेल्या श्वासात तो म्हणतो. “तुझं आहे.”

लोखंड सरकतं. पलीकडं नुसता उजेड.

“सर? ओ सर?”

विद्याधर मान वर करतो. पाच वाजलेत. छापखान्याचे शेडबाळे दारात उभे आहेत.

“केव्हाचा हाक मारतोय. न्यायची ना मुद्रितं?”

विद्याधर कागद गोळा करायला जातो आणि कळवळतो. दोन्ही हातांची बोटं सांध्यांवर सोलवटलीत, सुजलीत. वरच्या पानावर रक्ताचा ओला डाग आहे.

“आज नाही,” तो म्हणतो. “पहिलं प्रकरण पुन्हा लिहायचंय. मुखपृष्ठही बदलायचंय.”

“आता? अहो, मशीन मोकळं ठेवलंय. मालकांना काय सांगू?”

“सांगा, एक नाव राहिलंय.”

शेडबाळे त्याच्या हातांकडे बघतात. विद्याधर पेन उचलतो. बोटं नीट मिटत नाहीत, अक्षरं वाकडी उमटतात. तरी तो सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहितो : शमीम बागवान.