गोडवा काढलेलं ज्येष्ठमध

कारखान्यात सगळे त्याला चवकर म्हणत. खरं आडनाव भलतंच होतं, पण ते हजेरी घेणाऱ्यालासुद्धा दोनदा विचारावं लागे.

झाडपाल्याची औषधं करणारा कारखाना तो. मुळं, साली, पानं पोत्यांनी यायची, मोठाल्या कढयांत उकळायची आणि त्यातून दाट काळा अर्क निघायचा. चवकरचं काम एकच, चाखायचं. त्याच्या टेबलावर वाट्या मांडलेल्या असत. हा गडी एकेकीत काडी बुडवून जिभेला लावायचा, चूळ भरायचा आणि निकाल देऊन मोकळा व्हायचा. कडूपणा कमी असला तर साल जुनी. तुरटपणा वाढला तर कढई विस्तवावर जास्त राहिली. शेजारच्या प्रयोगशाळेत यंत्रं होती आणि शेवटचा शब्द त्यांचाच असे, पण त्यांचा निकाल यायला वेळ लागायचा. तोवर चवकरच्या जिभेवर काम पुढे सरकायचं. लोकांनी त्याला असं काही हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं की विचारू नका, आणि यालाही खाली उतरायची काही घाई नव्हती.

त्याची खास मक्तेदारी म्हणजे ज्येष्ठमध. ज्येष्ठमधात ग्लिसरायझिन नावाचं द्रव्य असतं. मुळाला गोडी येते ती त्याच्यामुळे, आणि गोडी अशी की साखरेनं तोंड लपवावं. घसा बसला तर मुळाचा तुकडा चघळायला बरा. पण तेच द्रव्य रोजच्या रोज भरपूर पोटात गेलं की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवायला लागतं आणि पोटॅशियम मात्र बाहेर घालवतं. रक्तदाब चढतो, पाय सुजतात, हातापायांतलं बळ जातं, हृदयाचे ठोकेही चुकू शकतात. म्हणून पोटातल्या जळजळीच्या गोळ्या करताना कारखाना अर्कात आम्ल घालायचा. गोड द्रव्य तळाशी बसायचं, ते गाळून काढायचं आणि उरलेला अर्क गोळ्यांसाठी घ्यायचा. गोडवा पुरता निघाला की नाही, हे आधी चवकर सांगायचा. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला हे सगळं तोच समजावून द्यायचा, हात नाचवत, मधूनमधून यंत्रांना टोमणे मारत.

आणि मग त्याला ताप आला. ताप उतरला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. कडू नाही, गोड नाही, खारट नाही, काहीच नाही. चवकरला वाटलं, येईल चार दिवसांत. चार दिवसांचे आठ झाले, महिना झाला. सांगायचं कुणाला आणि कोणत्या तोंडानं? ज्याची जीभ हीच ओळख, त्यानं जीभ गेली म्हणून सांगितलं की उरलं काय त्याचं? मूग गिळून तो रोज टेबलाशी बसू लागला. काडी बुडवायचा, जिभेला लावायचा, डोळे मिटायचा, अगदी पूर्वीसारखं. निकाल मात्र रंग बघून, दाटपणा बघून, अंदाजानं ठोकून द्यायचा. बहुतेकदा बरोबर यायचं. अनुभव काही कमी नव्हता.

घरी तो आणि वहिनी, दोघंच. वहिनी म्हणजे मोठ्या भावाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत जायचा, आई नव्हती, याच्या शर्टाला गुंड्या लावण्यापासून सगळं तिनंच केलं. भाऊ गेल्यावर याच्याकडे राहायला आली. तिच्या पोटात जळजळ व्हायची. एक दिवस गोडवा काढलेल्या ज्येष्ठमधाची वाटी टेबलावर आली. यानं ‘निघालाय’ म्हणून सांगितलं आणि त्याच कढईतून एक मोठी बाटली भरून घरी नेली. तेवढी मुभा कामगारांना होती. ‘रोज सकाळ-संध्याकाळ चमचाभर घे,’ म्हणाला, ‘बाजारात असलं मिळायचं नाही.’

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या बाई स्वतः त्याच्या टेबलाशी आल्या. “चवकर, कालची कढई परत घ्यायला लागेल. गोडवा जवळजवळ सगळाच शिल्लक आहे. आम्लच कमी पडलंय.”

“तुमचं यंत्र तपासून घ्या,” चवकर म्हणाला.

“दोनदा तपासलं.”

“मग तिसऱ्यांदा तपासा.”

चारचौघांत म्हणाला. लोक हसले, बाई निघून गेल्या आणि कढई निमूटपणे परत उकळायला गेली. आता सांगा, इथे माणसानं काय करायला हवं होतं? घरी जाऊन बाटली ओतून टाकायची. दोन मिनिटांचं काम. चवकर घरी गेला, बाटलीसमोर उभाही राहिला. पण ओतली की वहिनी विचारणार, का ओतलीस? आणि त्याहून वाईट म्हणजे बाई बरोबर ठरणार. त्यानं बाटली तिथेच ठेवली. मनाशी म्हणाला, असेल थोडाफार गोडवा, एवढ्यानं काय होतंय. थोडाफार किती, हे त्याला कळायला मार्गच नव्हता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

काही आठवड्यांनी वहिनीच्या पायांवर सूज आली. मग जिना चढताना पाय उचलेनात. एका सकाळी न्हाणीघराच्या दारात ती खाली बसली ती तिला उठताच येईना. शेजाऱ्यांच्या मदतीनं तिला दवाखान्यात नेलं. रक्तदाब भलताच वाढलेला, पोटॅशियम पार तळाला गेलेलं. तरुण डॉक्टर कागद हातात घेऊन खाटेशी उभा राहिला.

“आजी घरी काही घेतात का? काढा, चूर्ण, चाटण, काहीही?”

वहिनीनं चवकरकडे बघितलं. चवकर म्हणाला, “नाही. तसलं काही नाही.”

का म्हणाला? त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. शब्द तोंडातून गेला आणि मागोमाग अंगातून गरम वाफ निघाल्यासारखं झालं. घरातला शहाणा माणूस नाही म्हणतोय म्हणजे नाही, असा वहिनीचा जन्माचा हिशोब. डॉक्टर म्हणाला, मग मूत्रपिंडावरच्या ग्रंथींमध्ये गाठ आहे का ते बघावं लागेल, आणखी तपासण्या कराव्या लागतील. चवकर मान हलवत राहिला. गाठबीठ काही नाही हे सांगू शकणारा एकच माणूस त्या खोलीत होता आणि तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते त्याला तेव्हा कळलं. आता बाटली बंदच झाली, आपोआप बरी होईल, कुणाला कळायचं नाही, अशीही त्यानं मनाची समजूत घातली. स्वतःची लाज वाटत असतानाच घातली.

दुपारी वहिनीनं हात हलवून त्याला जवळ बोलावलं. “अरे, पोटात आग पडलीय. घरी जाऊन तुझी ती बाटली घेऊन ये. त्या पोराला नको सांगू. गुपचूप घेईन मी.”

चवकर घरी गेला. बाटली अर्ध्याहून खाली गेली होती. झाकण काढून त्यानं काडी बुडवली, जिभेला लावली. काही नाही. नळाखाली ओतून रिकामी करावी असं त्याच्या मनात आलं, नळ सोडलाही. मग बंद केला, बाटली पिशवीत घातली आणि थेट डॉक्टरच्या खोलीत जाऊन टेबलावर ठेवली.

“वहिनी हे घेत होती,” तो म्हणाला. “ज्येष्ठमधाचा अर्क आहे. गोडवा काढलेला असायला हवा होता, पण काढलेला नाही. माझ्या हातून बाटलीची अदलाबदल झाली.”

अदलाबदल! इतकं झाल्यावरही अर्धं खोटंच. डॉक्टरनं बाटली हातात घेतली, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, “सकाळीच सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.” आवाज चढवला नाही. अर्क बंद ठेवायचा, पोटॅशियम द्यायचं, ठोक्यांवर लक्ष ठेवायचं, हळूहळू ताळ्यावर येईल, असं म्हणाला. एक शिवी हासडली असती तर चवकरला सोपं गेलं असतं.

तो वहिनीच्या खाटेशी येऊन बसला. तिनं रिकामी पिशवी बघितली. “आणली नाहीस?”

“वहिनी, ते आता घ्यायचं नाही.”

“का रे? मला तर फार आवडायचं.” ती जरा हसली. “कडू असेल म्हणून पहिला चमचा नाक दाबून घेतला, तर काय गोड! म्हटलं, मला कडू चालत नाही म्हणून यानं साखर घातली वाटतं. तू कामाला गेलास की आणखी एखादा चमचा घ्यायचे मी. तूच घातली होतीस ना साखर?”

हो म्हणायला काय लागत होतं? ती एवढी खूश दिसत होती. चवकरच्या ओठांवर हो आलाच होता.

“नाही वहिनी,” तो म्हणाला. “साखर नव्हती. तो मुळाचाच गोडवा होता. त्यानंच तू आजारी पडलीस. मी दिलं त्यानं.”

“पण तुला तर चाखल्यावर कळतं.”

“नाही कळत. तापापासून मला कसलीच चव लागत नाही.” हे वाक्य तो पहिल्यांदाच बोलत होता. “बाईंनी मला सांगितलं होतं. तरी मी बाटली ठेवली. उद्या कारखान्यात जाऊन सगळं सांगणार आहे.”

आपल्याला काही झालं याचं वहिनीला एवढं वाटलंच नसावं. तिचं डोकं दुसरीकडेच चाललं होतं.

“तापापासून?” ती म्हणाली. “मग रोज जेवताना ‘वहिनी, झकास झालंय’ म्हणायचास, ते?”

“अंदाजानं,” चवकर म्हणाला.

“मी आपली रोज वाट बघायचे, तू काय म्हणतोस म्हणून,” वहिनी म्हणाली. “कारखान्याचं राहू दे रे. मला तरी सांगायचंस.”

तिनं चादर वर ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.