नागोजी वर्तमानकाळात

माझ्या सासूबाईंना घरात, गल्लीत, शाळेत सगळे चंदनाअक्का म्हणतात. मी पुण्याची. लग्न होऊन बेंगळुरूला आले तेव्हा त्यांना ‘आई’ म्हणायला गेले, तर म्हणाल्या, “अक्काच म्हण की गे. आई म्हटलं की मी मागं वळून बघते, माझी सासू आली काय म्हणून.”

त्यांचं घराणं शेकडो वर्षांपासून इथलंच. त्यांच्या मराठीत ‘ठीक’साठी ‘सरी’ आणि ‘थोडं’साठी ‘स्वल्प’ असे कन्नड शब्द इतके मुरलेत की ते परके आहेत हे त्यांना सांगूनही पटत नाही. बेंगळुरूच्याच शिवाजीनगरच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत त्यांनी निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवलं. वर्गात कुणी कन्नड बोलणारं, कुणी तमिळ, कुणी उर्दू. “सगळ्यांना इंग्रजी सारखंच अवघड, म्हणून भांडण नाही,” असं त्या म्हणत. सासरे नागोजीराव तिथेच शिलाई मशीन दुरुस्त करायचे. मार्केटच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान होतं, आणि जोडीला हयवदनअण्णा नावाचे भागीदार.

सासरे अचानक गेले. मग गिरीराजने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आईला आमच्या मारतहळ्ळीच्या फ्लॅटवर आणलं. अक्का आल्या, पण त्यांचा जीव इथे रमेना. सकाळी आंघोळ, पूजा, मग बाल्कनीत खुर्ची. “कंटाळा येतो का?” विचारलं की “छे, बरं आहे की,” म्हणायच्या आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसायच्या. आम्ही दोघंही दिवसभर लॅपटॉपसमोर. त्यांच्याशी बोलायला तरी घरात कोण होतं?

एका रविवारी आम्ही दोघी खाली भाजी घ्यायला गेलो. गाडीपाशी गोंधळ चालला होता. आमच्या खालच्या मजल्यावरची तैवानची बाई मोबाइल भाजीवाल्याच्या तोंडासमोर धरून उभी होती. ती मोबाइलमध्ये चिनी बोलायची आणि मोबाइल कन्नडमध्ये काहीतरी भलतंच सांगायचा. भाजीवाला हैराण झाला होता. “अक्का, ही मला म्हणते, तुझी बहीण अर्धी कापून दे!”

अक्का खो खो हसल्या. त्यांना तसं हसताना मी कितीतरी महिन्यांनी पाहिलं. त्यांनी त्या बाईचा मोबाइल हलकेच खाली केला, भोपळ्यावर हात ठेवला आणि शाळेतल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत इंग्रजीत म्हणाल्या, “हाफ. प्लीज. से इट.”

“हाफ. प्लीज,” बाई म्हणाली. भाजीवाल्याने भोपळा कापला. बाईचा चेहरा असा खुलला की विचारू नका.

तिचं नाव शू-फन. तिचा नवरा होसकोटेकडच्या एका कारखान्यात इंजिनीअर. सकाळी अंधारात गाडीने जायचा, रात्री परत यायचा. तो कामापुरतं इंग्रजी बोले. हिला मात्र इंग्रजीचं नावच काढलं की घाम फुटायचा. दुसऱ्या दिवशी ती एक पुस्तक छातीशी धरून आमच्या दारात आली. चिनी बोलणाऱ्यांसाठी इंग्रजीचं पुस्तक होतं ते. छोटे छोटे उतारे, खाली चिनी अर्थ. अक्कांनी चष्मा लावून पहिले चार उतारे वाचले. एकात बर्फ पडत होता, एकात कुणी साहेब भुयारी रेल्वेत छत्री विसरला होता, एकात संग्रहालयाची सहल होती.

“यातलं काही मारतहळ्ळीत घडतं काय?” त्यांनी मला विचारलं. “ही छत्रीचं इंग्रजी शिकेल आणि गॅसवाला आला की दार लावून बसेल.”

म्हणून त्यांनी स्वतःच धडे लिहायला घेतले. अर्ध्या पानाचे. पाण्याचा टँकर येतो. लिफ्ट बंद आहे. कामवाली सोमवारी येत नाही. त्या कागदावर लिहायच्या, मी मोबाइलवर टाइप करून शू-फनला पाठवायची, ती प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर चिनी खुणा करून आणायची. हळूहळू तिच्या ओळखीच्या आणखी दोघी यायला लागल्या. आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्ग भरू लागला.

शिकवता शिकवता अक्काही शिकत होत्या. त्या तिघी बोलताना बायकांना इंग्रजीतलं ‘ही’ म्हणायच्या आणि पुरुषांना ‘शी’. आधी अक्कांना वाटलं, लक्ष नाही. मग शू-फनने समजावलं, चिनीत तो आणि ती बोलताना एकच. आणि क्रियापद? ते काल, आज, उद्या कधीच बदलत नाही. ‘मी काल जा, मी उद्या जा,’ एवढंच. अक्का थक्क झाल्या. “किती सोपी भाषा गे! आणि आपण बिचाऱ्यांना छळतोय.” पण छळणं सोडलं नाही. ‘शी ईट’ असं कुणी वाचलं की त्या टेबलावर बोट आपटायच्या, “एस कुठं गेला? एस?” हे त्या मराठीतच विचारायच्या. तिघींना ‘कुठं गेला’ एवढं मराठी पक्कं येऊ लागलं.

टँकर, लिफ्ट, गॅस, औषधाचं दुकान असे सगळे विषय संपले, आणि धड्यांत नागोजी आले.

पहिला धडा मी टाइप केला तेव्हा माझी बोटं थांबली. ‘नागोजीचं शिवाजीनगरला दुकान आहे. तो शिलाई मशीन दुरुस्त करतो. तो काम करताना गुणगुणतो. त्याला गाता येत नाही.’ सगळं इंग्रजीत, सगळं चालू काळात.

मला दोन गोष्टींचं नवल वाटलं. एक म्हणजे अक्कांनी नवऱ्याचं नाव घेतलं होतं. उभ्या जन्मात त्यांनी ते कधी उच्चारलं नव्हतं. ‘गिरीराजचे वडील’ नाहीतर नुसतं ‘हे’. मी विचारलं तर म्हणाल्या, “इंग्रजीत चालतं की. इंग्रजीत कोण ऐकतंय?”

आणि दुसरी गोष्ट? मी जरा भीत भीतच विचारलं, “अक्का, हे सगळं ‘आहे, करतो’ असं लिहिलंय तुम्ही.”

त्या डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “भूतकाळ अजून शिकवला नाही त्यांना.”

धडे येत राहिले. नागोजी चहावाल्याशी साखरेवरून भांडतो. नागोजी चिकू आणायला जातो आणि पिशवी भरून आणतो, कारण त्याला एक किलो म्हणजे किती हे कळत नाही. दुकानातल्या बाकड्याखाली एक मांजर राहतं, नागोजी म्हणतो ते माझं नाही, आणि रोज त्याला दूध देतो. तिघींना नागोजी भारी आवडला. वाचताना हसून हसून डोळे पुसायच्या. आल्या आल्या विचारायच्या, “टीचर, टुडे नागोजी व्हॉट डू?” “डझ,” अक्का म्हणायच्या, “व्हॉट डझ नागोजी डू,” आणि नवा कागद पुढे सरकवायच्या. संध्याकाळी त्या बाल्कनीत बसेनाशा झाल्या. टेबलापाशी बसून लिहायच्या, मधेच स्वतःशी हसायच्या.

एका शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात शू-फन, घामाघूम. एका हाताच्या कवेत तैवानहून आणलेलं तिचं छोटं शिलाई मशीन, दुसऱ्या हातात चिकूंची पिशवी. तिने वाक्य पाठ करून आणलं होतं. एकही एस न चुकता ती म्हणाली, “टीचर, माय मशीन मेक्स अ बॅड साउंड. नागोजी रिपेअर्स मशीन्स. नागोजी लाइक्स चिकू. इज ही ॲट होम?”

अक्का दार धरून उभ्या राहिल्या. “ही इज नॉट...” म्हणाल्या आणि थांबल्या. मी पुढे होणार तोच त्यांनी हाताने मला थांबवलं. मशीन खाली ठेवायला लावलं, शू-फनचं मनगट धरलं आणि तिला आपल्या खोलीत नेलं.

वर्ग नेहमी बाहेरच्या खोलीत व्हायचा, त्यामुळे आतल्या खोलीतला फोटो तिने कधी पाहिला नव्हता. काळ्या फ्रेमची जुनी तसबीर, तिला चंदनाचा हार, समोर निरांजन. शू-फन बघत राहिली. तिला सांगावं लागलं नाही. तिच्या माहेरीही असंच असतं, वडीलधाऱ्यांच्या फोटोसमोर फळं ठेवतात, उदबत्ती लावतात, हे तिने नंतर आम्हाला सांगितलं. तिने पिशवीतले चिकू एकेक करून फोटोसमोर मांडले, हात जोडले आणि कमरेत वाकून तीनदा नमस्कार केला.

अक्का पलंगावर बसल्या आणि रडल्या. सासरे गेले त्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या. तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांचं चहापाणी बघत होत्या. शू-फन त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

पुढचा वर्ग अक्कांनी घेतला नाही. “मी त्यांना फसवलं गे,” म्हणाल्या. “शिक्षकाने असं करावं काय? पोर बिचारी ह्यांना भेटायला आली.”

“फसवलं कसलं? बाबा त्यांना भेटलेच की,” मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही.

शू-फन दोन-तीनदा येऊन अक्कांच्या खोलीच्या बंद दाराकडे बघून गेली. मग एक दिवस ती बाकीच्या दोघींना घेऊनच आली. तिने हातात कागद धरला नव्हता की मोबाइल. म्हणाली, “टीचर, वुई वाँट गो शिवाजीनगर. सी शॉप. मशीन स्टिल बॅड.”

अक्का उठल्या आणि आत जाऊन साडी बदलून आल्या. “टू गो,” दारात चप्पल घालता घालता म्हणाल्या. “वाँट टू गो. आणि त्या मशीनला चादरीत गुंडाळ, स्मृती.”

शिवाजीनगरच्या गर्दीत अक्का पुढे, मागे त्या तिघी, शेवटी मशीन सांभाळत मी. बोळातले जुने दुकानदार हात वर करून “चेन्नागिदीरा अक्का?” विचारत होते, आणि अक्का सगळ्यांना बरं आहे, बरं आहे म्हणत चालल्या होत्या. सासरे गेल्यापासून त्या इथे फिरकल्याच नव्हत्या. दुकानाच्या पायरीशी त्या क्षणभर अडखळल्या. हयवदनअण्णा आतून लगबगीने आले, त्यांनी बाकडं पुसलं, पाव्हण्यांना बसवलं. मशीन उघडलं, आतून धाग्यांचा कापसासारखा एक पुंजका काढला, तेल घातलं, एक स्क्रू आवळला. ती खडखड थांबली.

चहा आला. हयवदनअण्णांना विचारावं लागलंच नाही, ते आपले कन्नडमध्ये नागोजींबद्दल बोलायला लागले. तिघी अक्कांकडे बघू लागल्या. आणि अक्कांनी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली.

“ही सॅट हिअर,” त्या बाकड्यावर हात ठेवून म्हणाल्या. “एव्हरी डे. नागोजी सॅट हिअर.”

“सॅट,” शू-फन हळूच म्हणाली. बाकीच्या दोघींनीही म्हटलं.

“ही ड्रँक कॉफी. ही फॉट विथ द टी मॅन.”

“ड्रँक. फॉट.”

हयवदनअण्णा सांगत गेले, अक्का एकेक क्रियापद मागे नेत गेल्या. बसला, प्यायला, भांडला, गुणगुणला, विसरला, हसला. मधे एकदा त्या पदराने चष्मा पुसायला थांबल्या. तेव्हा शू-फनने, ही माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट आहे, स्वतःच्या मनाने वाक्य जुळवलं, “ही... गेव्ह... मिल्क. टू कॅट.” आणि घाबरून बघितलं, बरोबर आहे ना?

“बरोबर,” अक्का मराठीत म्हणाल्या. “अगदी बरोबर.”

परत येताना गाडीत त्या खिडकीला डोकं टेकून झोपी गेल्या, अगदी गाढ.

त्यानंतर वर्ग पुन्हा सुरू झाला आणि आता धडे त्या तिघीही लिहू लागल्या. शू-फनने आपल्या आजोबांवर लिहिला. ते डोंगरात चहाची पानं खुडायचे आणि नातवंडांना ओरडायचे. सगळा भूतकाळात, आणि तीन चुका सोडल्या तर उत्तम. अक्कांनी तो माझ्याकडून टाइप करून घेतला आणि पुढच्या विद्यार्थ्यांच्या धड्यांत ठेवला. कारण पुढचे विद्यार्थी आलेच. कारखान्यातल्या आणखी काही जणांच्या बायका, एक तरुण इंजिनीअर, एक सासू. टेबल पुरेना म्हणून सोसायटीने तळमजल्यावरची खोली दिली, आणि बाहेर चपलांचा ढीग पडतो म्हणून तक्रारही केली.

नव्या वर्गाला वर्तमानकाळ शिकवायला माणूस हवाच. परवा टाइप करायला कागद हातात आला, त्यात लिहिलं होतं, ‘स्मृती फोनवर बोलते. दूध उतू जाते. स्मृती म्हणते, मी इथेच आहे.’

“अक्का!”

“काय चुकलं काय?” त्या शांतपणे म्हणाल्या. “एस बघ, सगळे आहेत ना.”

मागच्या वर्षी शू-फनच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती तैवानला परत गेली. जायच्या दिवशी दोघी गेटपाशी कितीतरी वेळ हात धरून उभ्या होत्या. आता रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. तिकडे ती शेजारच्या बायकांना इंग्रजी शिकवते म्हणे. अक्का तिच्याकडून चिनी शिकतात. त्यात आवाजाच्या चढउताराने अर्थ बदलतो आणि अक्कांचा आवाज नेहमी वर्गातल्यासारखा एका सुरात असतो, त्यामुळे त्या काय बोलून जातात देव जाणे. पलीकडे शू-फन पोट धरून हसते. अक्का चष्मा सावरतात आणि म्हणतात, “सरी, सरी. पुन्हा म्हणते. स्वल्प थांब.”