परतीची एसटी

भोरच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. बिघाड विचारण्याआधी ते विचारतात, "परतीची एसटी किती वाजता?"

कॉम्प्युटरवरच मोबाईल चालवून दाखवणारा माझा एम्युलेटर सुरू होईना. व्हर्च्युअलायझेशन बंद आहे, एवढंच सांगे. चाचांनी दोनदा ते सेटिंग चालू करून दिलं. हिर्डोशीला घरी नेऊन लावलं, की पुन्हा बंद. तिसऱ्यांदा सीपीयू पोत्यात घालून आणला, तेव्हा त्यांनी आधी तारीख पाहिली.

"तारीखबी इसरतंय. आतला सेल गेलाय, वायर काढली की समदं पुसलं जातंय. चूक माजी, तुमाला लई हेलपाटे झाले."

दुकानात सेल नव्हता. त्यांनी स्वतःच्या मशीनमधला काढून माझ्या सीपीयूत बसवला.

आठवड्यानं डोकावलो, तर चाचा आपल्या मशीनला तारीख घालत होते.

"नवा सेल आला न्हाई?"

"आला की. मार्गासनीवरनं आलेल्या गिऱ्हाइकाला दिला. मी काय, हितंच असतो."