फारोचे मन कोणी कठीण केले

मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, सकाळी १०.४०. अवयवदानाला परवानगी देणाऱ्या सरकारी समितीपुढे मी बसले होते. माझे एक मूत्रपिंड मावशीला द्यायचे होते. भाची कायद्याने जवळच्या नात्यात मोडत नाही, म्हणून ही सुनावणी. आईमागे मावशीनेच मला वाढवले, याची नोंद कोणत्याही कागदावर नव्हती. अध्यक्षांनी कॅमेऱ्यासमोर विचारले, कोणाचा दबाव आहे का. मी नाही म्हटले. मग त्यांनी मिरजेच्या तहसील कार्यालयाचा नात्याचा दाखला मागितला आणि फाईल बाजूला सरकवली.

मावशी निपाणीकडची, निवृत्त शिक्षिका. बसवनगुडीतल्या तिच्या पुढच्या खोलीत दर रविवारी दुपारी आठ-दहा मराठी ख्रिस्ती माणसे प्रार्थनेला जमत. शेवटची प्रार्थना नेहमी राज्यकर्त्यांसाठी असे. त्यासाठी तिची वेगळी वही होती: पंतप्रधानांपासून गल्लीत पाणी सोडणाऱ्या माणसापर्यंत सगळे त्यात हुद्द्यानुसार लिहिलेले. त्या रविवारी तिने समितीचे अध्यक्ष वाढवले.

"त्यांना तुझ्या देवाचं काय पडलंय?" मी विचारले.

"कोरेश राजाला तरी कुठं पडलं होतं? बाबेल जिंकलं आणि बंदीतल्या यहुद्यांना म्हणाला, जा घरी, मंदिर बांधा. त्याला देव माहीत नव्हता गं, पण देवाला तो माहीत होता. फक्त चर्चमधल्या माणसांकडून कामं करून घ्यायची म्हटलं तर झालंच मग!"

सगळे हसले. हा नमुना निवडक आहे, असे माझे मत होते; मोकळे करणारा एक राजा आपण लक्षात ठेवतो, न करणारे मोजत नाही. म्हणून मी मोजायचे ठरवले. डायलिसिसपूर्वीचे वजन, ताप, रक्ताचे अहवाल मी ज्या वहीत टिपत असे, तिच्या शेवटच्या पानावर एक तक्ता आखला: फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस थांबली. शासनाचा संथपणा मला आकड्यांत सिद्ध करायचा होता.

दाखला २५ ऑक्टोबरला स्पीड पोस्टाने आला. तहसील कार्यालय : ११.

तो मी प्रयोगशाळेतल्या माझ्या खणात ठेवला. जर्मनीतल्या संशोधनवृत्तीची मुलाखत १२ नोव्हेंबरला होती. दाखला दिला असता तर परवानगी मिळाली असती, शस्त्रक्रियेची तारीख लागली असती, आणि मुलाखतीच्या दिवशी मी पोटाला टाके घालून पडले असते. डॉक्टरांच्या मते मावशीची प्रकृती स्थिर होती. स्थिर या शब्दावर मी गणित मांडले.

"काय म्हणतात साहेब?" मावशी विचारी.

"फाईल अडलीय."

"म्हणजे फारो निघाला की, गुलामांना न सोडणारा राजा," ती म्हणाली. पुढच्या दोन्ही रविवारी तिने त्या माणसाचे मन मऊ व्हावे म्हणून गुडघे टेकून प्रार्थना केली. गुडघे दुखत होते. उठताना शेजारच्या अक्का तिला हात देत. मीही तिथेच बसले होते. शेवटी आमेनही म्हटले.

१० नोव्हेंबरला डायलिसिसच्या नळीपाशी संसर्ग झाला. ताप १०१.८. तिला रुग्णालयात दाखल केले. १२ तारखेला मुलाखत झाली. १३ तारखेला मी दाखला जमा केला. १७ तारखेला परवानगीचे पत्र हातात आले. समिती : ४.

पत्र घेऊन मी तिच्या खाटेपाशी गेले. संसर्ग असेपर्यंत शस्त्रक्रिया होणार नाही, हे सकाळीच कळले होते.

"बघ," ती म्हणाली, "कोरेश."

"तो आधीपासून कोरेशच होता. दाखला माझ्या खणात होता. मुलाखत होईपर्यंत."

तिने पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"म्हणजे त्या बिचाऱ्यासाठी मी उगीच देवाशी भांडले," ती म्हणाली. मग पत्र उशाशी ठेवत, "मुलाखत कशी झाली?"

"चांगली."

"मिळणार?"

"मिळाली."

"सरी," ठीक आहे, असे ती कानडीत म्हणाली आणि डोळे मिटले. ते मिटणे क्षमेचे होते की थकव्याचे, हे मला ठरवता आले नाही. विचारलेही नाही.

मावशी २ डिसेंबरला गेली. परवानगी ऑक्टोबरअखेर मिळाली असती, तर तापापूर्वी शस्त्रक्रिया होऊ शकली असती. शक्यता होती, खात्री कोणी देत नाही. अंत्यविधीत मी रडले नाही. नंतर बायबल काढून फारोचा मजकूर पेन्सिल घेऊन वाचला. देवाने पाठवलेल्या पहिल्या काही पीडांत तो स्वतःच आपले मन कठीण करतो. देवाने ते कठीण केले, असे मोठ्या पीडांच्या वेळी येते. दोन्ही विधाने एकाच माणसाविषयी आहेत. मावशी नावे हुद्द्यानुसार लिहीत असे. या फाईलपुरता अधिकार माझ्याकडे होता, पण तिच्या यादीत मी नव्हते. माझ्यासाठी प्रार्थना करावी, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

रविवारी पुढची खोली उघडली नाही. मी माझी वही घेतली. वजनाचा आणि तापाचा रकाना २ डिसेंबरला थांबला होता. शेवटच्या पानावर तहसील कार्यालय आणि समिती यांच्यामध्ये एक ओळ रिकामी होती. ती भरली.

माझे टेबल : १९.