काकूंना वाचून न दाखवलेला अध्याय

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आमच्या पाळकसाहेबांनाही नाही. तुम्हाला सांगते.

जरीपटका वस्तीत आमच्या शेजारी सुमित्राकाकू राहायच्या. साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेली, तेव्हापासून रोज सकाळची कामं आवरली की मी त्यांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायची. सात वर्षं. चर्चच्या मंडळीत माझं कौतुक व्हायचं — आणि ते मला आवडायचं, हेही सांगून टाकते.

काकू नुसत्या ऐकायच्या नाहीत. ऐकलेलं त्याच दिवशी करायच्या. एकदा भांडण मिटवण्याबद्दलचा भाग वाचला, तर लगेच चपला चाचपडू लागल्या. नळावरून जिच्याशी चार महिने अबोला होता, तिच्या दारात भिंत धरत धरत गेल्या. मी वाचेन तसा त्यांचा दिवस जायचा. हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी नंदा. तिचा माझ्या भावाशी साखरपुडा झाला होता. तिने तो मोडला, ऑफिसातल्या एकाशी कोर्टात लग्न केलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, मनीषनगरला राहायला गेली. भावाने पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही. काकूंनी मुलीशी बोलणं टाकलं. आणि मी? मला बरंच वाटलं.

मग एका डिसेंबरात काकू म्हणाल्या, "मीना, नंदाचा फोन आला होता वं. नाताळले येऊ का म्हणते. मले काही समजून नाही राहिलं. वाच, वचन काय सांगते ते पाहू."

त्या दिवशीचा अध्याय नेमका क्षमेचा होता. खूण तिथेच होती. वाचला का मी तो? — नाही. पानं मागे उलटली आणि आईबापांचा मान न राखणाऱ्या लेकरांना दटावणारा भाग काढला. सावकाश वाचला. एक ओळ तर दोनदा.

काकूंनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"आज हेच होतं का वं?"

"हेच होतं," मी म्हटलं.

त्यांनी मलाच फोन लावायला सांगितला. "येऊ नको," एवढंच बोलल्या. फोन माझ्या हातात परत दिला, आणि मी चहा ठेवायला उठले.

फेब्रुवारीत काकू गेल्या. कबरस्तानात नंदा सगळ्यांच्या मागे उभी होती. लोक पांगल्यावर जवळ आली, माझे दोन्ही हात धरले. "ताई, तुमच्यामुळे आईले शेवटपर्यंत वचन ऐकायले भेटलं."

"रोज ऐकायच्या," मी म्हटलं.

एका सकाळचं खोटं — असं म्हणू का? पण नाताळनंतरही मी रोज त्यांच्यासमोर बसत होते, शास्त्र माझ्याच मांडीवर होतं. तो अध्याय एकदाही काढला नाही. भावाचं दुःख पुढे करता येईल, करणार नाही. नंदाला त्या घरात परत आलेलं मला बघायचं नव्हतं, बस.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही. शुक्रवारच्या प्रार्थनेत शास्त्र अजूनही मीच वाचते.